सोडवून घेतलेलं गाऱ्हाणं

आंब्याला मोहोर आला की माझं डोकं धरतं. आई म्हणते, मोहोराच्या वासानं. ती आल्याचा काढा करून देते, मी तो निमूटपणे पितो. वासाला बिचाऱ्याला उगाच बोल लावतो आहोत हे मला ठाऊक असतं, पण चाळिशीकडे झुकलेल्या माणसानं आईला काय काय समजावून सांगायचं? जानेवारीत घरी येऊ नये असं दर वर्षी ठरवतो आणि दर वर्षी रजा नेमकी जानेवारीतच मिळते. मिठबावच्या अलीकडे आमचं घर, घरामागे कलमं. पहाटेचं धुकं उतरायला लागलं की बाबा मोहोराकडे पाहून पुटपुटतात, "आज ह्या धुक्यान वाट लावल्यान." आणि शाळेच्या बाजूनं पोरांच्या घोकंपट्टीचा आवाज येतो. बारावी जवळ आलेली असते.

यंदा तर मी आणखी एक गोष्ट पोटात घेऊन आलो आहे. आखातातल्या एका विमान कंपनीकडे अर्ज केलाय. आमच्या धंद्यात नोकरी शोधणं सोपं, ती कधी शोधायची हे अवघड. हातातल्या कंपनीला सांगायचं कधी, नवीकडे रुजू व्हायचं कधी, मधल्या काळात कुणाला काय कळू द्यायचं, याच्यावर वैमानिक लोक जेवढा विचार करतात तेवढा हवामानावरसुद्धा करत नाहीत. माझ्या शेजारी बसणारे एक कॅप्टन म्हणाले, "आधी तिकडची सही, मग इकडचा राजीनामा. मध्ये मन आणायचं नाही." राजीनाम्याआधी किती महिने सांगायचं ते करारात छापलेलं असतं. तेवढं पाळलं की माणूस मोकळा.

ऐकायला किती बरं वाटतं! एकदा मात्र मी कागदाशिवाय बांधला गेलो होतो, आणि तिथून अजून सुटलेलो नाही.

मला वैमानिकाचं लायसन मिळालं तेव्हा देशात वैमानिकांना कुत्रं विचारत नव्हतं. खिशात लायसन आणि बसायला विमान नाही, अशी आमची एक पिढीच होती. गावात आलो की तिठ्यावर हमखास कुणीतरी विचारायचं, "काय रे, इमान खंय लावलंस? वडाखाली?" मी हसायचो. आत जळायचं. मग एका जूनमध्ये बागवे सरांनी निरोप पाठवला. बागवे सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, मलाही त्यांनीच शिकवलेलं. ज्युनिअर कॉलेजचा फिजिक्सचा मास्तर सोडून गेला होता आणि आमच्या आडबाजूला दुसरा कोण येणार?

"सुधीर, तू कायमचा राहणार नाहीस हे मला कळतं," ते ऑफिसात खुर्चीवर न बसता खिडकीशी उभे राहून म्हणाले. "कधीतरी तुझं बोलावणं येईल, तू जाशील. जायलाच हवंस. पण जूनमध्ये बारावीची बॅच हातात धरलीस की परीक्षा होईपर्यंत सोडायची नाही. एवढंच."

"नाही सोडणार, सर."

"लिहून काही नको. तुझा शब्द पुरे."

लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे फार वेळा वाटलं. लिहिलेल्या गोष्टीला पळवाट असते.

काही वर्षं गेली. मी दिवाळीत आणि मे महिन्यात लांबच्या एका फ्लाइंग क्लबात जाऊन चार तास उडवून यायचो, लायसन जिवंत राहावं म्हणून. बाकी वर्षभर खडू. आणि खोटं कशाला सांगू, मला शिकवायला आवडायचं. कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारली की ती खाली न जाता वर उचलते, हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा अख्खा वर्ग फुंकत सुटला होता. विमान याच्यावर उडतं म्हटल्यावर पोरांचा विश्वास बसेना. तेव्हापासून मी 'इमानवाले सर' झालो. माझ्या शेवटच्या वर्षीच्या बारावीत दीपा तारी नावाची मुलगी होती. तिची आई मिठबावच्या बाजारात मासे विकायची. सगळे तिला तारीबाय म्हणायचे, मी मावशी म्हणायचो. दीपाला नर्सिंगला जायचं होतं. हुशार होती असं नाही म्हणणार, पण चिवट होती. एखादी गोष्ट कळली नाही की वर्ग सुटल्यावर दारात उभी राहायची आणि माझी वाट अडवून म्हणायची, "सर, ता परत एकदा." मी वैतागायचो आणि परत एकदा सांगायचो.

आणि त्याच थंडीत आभाळ उघडलं. नव्या नव्या विमान कंपन्या निघाल्या, पेपरात पानभर जाहिराती यायला लागल्या. ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं त्यांना लोक फोन करून बोलवायला लागले. मी अर्ज टाकला. लेखी परीक्षा रविवारी होती, त्यामुळे मनाला काही लागलं नाही. वैद्यकीय तपासणी नाताळच्या सुट्टीत उरकली. मी स्वतःवर खूश होतो. शाळेचा एकही तास न बुडवता मी नोकरी शोधत होतो, चोराला सोवळं नेसवावं तसं. कुणाला सांगायचं नाही, सगळं जमलं की मार्चनंतर सांगायचं, असं माझं वेळापत्रक होतं.

पण मुलाखतीची तारीख आठवड्याच्या मध्यावर आली, आणि फोन आला तो शाळेच्या ऑफिसात. अर्जात तोच नंबर दिलेला. आमच्या घराकडे तेव्हा मोबाइलला रेंज मिळायची ती माडावर चढलेल्या माणसालाच. फोन बागवे सरांनी घेतला. मी वर्गातून आलो तर ते फळ्यावरचं वेळापत्रक पुसत होते.

"गुरुवारी तुला मुंबईला बोलावलंय," ते पाठमोरेच म्हणाले. "तुझे तास मी शुक्रवारी-शनिवारी लावतो. गुरुवारी मी मराठी घेतो त्यांचं."

"सर, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"इंटरव्ह्यूला टाय लागेल. आहे का? माझा एक आहे, लग्नातला."

रागावले असते तर मी उलट बोललो असतो, आणि मोकळा झालो असतो. त्यांचा तो मरून रंगाचा टाय गळ्यात घालून मी मुलाखत दिली. एवढा आवळलेला टाय मी पुढे कधी बांधला नाही.

गावात अशी गोष्ट दोन घरं ओलांडायला किती वेळ लागतो? मुंबईहून परतलो तोवर बाजारात सगळ्यांना माहीत झालं होतं. कुणी काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच जड जात होतं. मग रवळनाथाची जत्रा आली. आमच्याकडे जत्रेच्या सकाळी गावकार, म्हणजे देवापुढे बोलायचा मान ज्याच्या घराण्याचा तो, नारळ हातात घेऊन एकेकाचं गाऱ्हाणं देवाच्या कानावर घालतो. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची होडी रिकामी येते, कुणाला मूलबाळ नाही. सगळं मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आणि प्रत्येक वाक्यागणिक जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे ज्याचं मागणं त्याचं एकट्याचं राहत नाही, गावाचं होतं. लहानपणापासून ते तोंडात इतकं बसलेलं असतं की अर्थाकडे लक्ष नसलं तरी हुंकार पडतो.

मी खांबाला टेकून उभा होतो. मोहोराचा वास देवळात आला होता. मनात मुलाखतीतले प्रश्न घोळत होते. आबा गावकाराचा आवाज चढत चालला होता.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा! ह्या तारीबायचा चेडू औंदा बारावीक बसला हा. तेका बरे मार्क गावांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका शिकवणारे आमचे इमानवाले सर, तेंका मोठ्या इमानाची नोकरी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण पोरांची परीक्षा होयसर तेंचो पाय गावाभायर पडाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या शेवटच्या हुंकारात माझा आवाज होता. चांगला खणखणीत होता. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं आणि हसला, तेव्हा मला कळलं मी कशाला होकार भरला ते. लोक हसले, मीही हसलो. तारीबाय ओटीचं ताट घेऊन पुढे उभी होती, ती हसली नाही. तिनं माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, एखादा व्यवहार पक्का झाल्यासारखी. बागवे सरांना दिलेला शब्द आता देवापुढे, अख्ख्या गावाच्या साक्षीनं, मीच माझ्या तोंडानं पुन्हा दिला होता.

आणि मग निवड झाल्याचा फोन आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रशिक्षणासाठी हजर व्हा.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. विमान कंपनीत तुम्ही कुठल्या दिवशी रुजू झालात, यावर तुमचं सगळं आयुष्य ठरतं. जो आधी आला तो आधी कॅप्टन होतो. मागून आलेला कितीही शहाणा असला तरी रांगेत मागेच. मी फोनवर त्या बाईंना विचारलं, मार्चनंतरच्या तुकडीत घ्याल का? त्या गोड आवाजात म्हणाल्या, "सर, पुढची तुकडी कधी निघेल ते आम्ही नाही सांगू शकत. निघेलच असंही नाही." मी फोन ठेवला. इतकी वर्षं तिठ्यावरचा तो प्रश्न ऐकला होता: इमान खंय लावलंस? पुन्हा तो ऐकायची माझी तयारी नव्हती. माझं ठरायला फार वेळ लागला नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. निदान एक रात्र तळमळायला हवं होतं. मी जेवून झोपलो.

बागवे सरांना सांगितलं. शाळेतली प्रमाण मराठी सोडून ते म्हणाले, "जा रे बाबा. तुका थांब म्हणान सांगलंय तर तू थांबशीत. मगे माका झोप येवची नाय." वैभववाडीला एक निवृत्त शिक्षक होते, ते आठवड्यातून दोनदा एसटीनं यायला तयार झाले. सेमिकंडक्टर आणि अणू, हे शेवटचे दोन धडे राहिले होते. मी वर्गात सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचा बाक तर उभाच राहिला, त्यांचे सर विमान उडवणार होते. दीपानं टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही. त्या बाजूला बघायचं टाळलं.

निघायच्या आदल्या सकाळी तारीबाय आमच्या दारात. डोक्यावर टोपली नव्हती, हातात नारळ होता. मला वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. कुणीतरी सुनवायलाच हवं होतं.

"सर, वायच देवळात चला," ती म्हणाली.

"कित्याक गो मावशी?"

"त्या दिसाचा गाऱ्हाणा सोडवन घेवक होया. तुमचो पाय भायर पडता हा. देवान तो धरलो तर? जमिनीर आसतास तर गोष्ट येगळी. तुमी थय वर, आभाळात. थय पाय धरल्यान तर कोण सोडवतला?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. हिच्या मुलीला मी अर्ध्यावर टाकून चाललो होतो, आणि हिला काळजी होती ती माझं विमान पडू नये याची.

देवळात आबा गावकार झाडलोट करत होते. त्यांनी नारळ घेतला, सगळं ऐकलं आणि टाळू खाजवली. "तारीबाय, माजा आयक. एका नारळाचा गाऱ्हाणा एकच आसता. चेडवाचा ठेवन सरांचा तेवडा सोडूक येवचा नाय. सोडलंस तर सगळा सुटतला. चेडवाचासुद्दा."

मावशीनं गाभाऱ्याकडे पाहिलं. गाभाऱ्यात समईची वात चुरचुरत होती.

"माझं राहू दे मावशी, मला काही होत नाही," मी म्हणालो. बोललो, पण हळूच. तिनं ऐकलं तर ऐकावं, नाही तर नाही, अशा बेतानं. कारण, आता लपवून काय मिळणार, मी फिजिक्स शिकवणारा माणूस, तरी माझे पाय गार पडले होते.

"सोडा," ती आबांना म्हणाली.

त्या दिवशी देवळात माणसं नव्हतीच. आबा बोलले, "झाला गेला बोलला चालला, सगळा मागे घेतला हा रे म्हाराजा." हुंकार भरायला फक्त मावशी होती. आणि मी.

दीपा फिजिक्समध्ये नापास झाली. वैभववाडीचे शिक्षक थोडे दिवस आले, मग त्यांना तो एसटीचा प्रवास झेपेना. पोरांनी शेवटचे धडे एकमेकांना शिकवले. हे मला आईनं फोनवर सांगितलं. मी तेव्हा परदेशात, प्रशिक्षणाच्या हॉटेलात होतो आणि कृत्रिम विमानात इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते शिकत होतो. ऑक्टोबरला दीपा सुटली, पण वर्ष गेलं आणि नर्सिंग राहिलं. आता ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. लग्न झालं, संसार बरा चाललाय म्हणतात. लोक हे मला धीर द्यायला सांगतात. मला त्यानं धीर येत नाही.

मुंबई-गोवा फेरी लागली की विमान आमच्या किनाऱ्यावरून जातं. हवा स्वच्छ असली तर देवगडचं दीपगृह, खाडीचं वळण, पुढे मालवणपर्यंतची वाळूची रेघ, सगळं दिसतं. नेमकं आमच्या गावाच्या आसपास उतरायला सुरुवात झालेली असते. उंची, वेग, गोव्याच्या कंट्रोलचा आवाज, हातांना आणि कानांना उसंत नसते. सहकारी म्हणतो, "तुझं गाव ना रे हे? बघ की." मी म्हणतो, कामात आहे. कामात असतोच. पण काम नसतं तरी मी पाहिलं असतं की नाही, कोण जाणे.

काल बाजारात गेलो. मावशी तिच्या जागेवर बसली होती. केस पिकलेत, आवाज तोच. मला बघून तिनं पाटावरचं पाणी निथळवलं आणि सरंगे बाजूला काढले. आखाताची बातमी तिला कुठून कळली, देव जाणे.

"आता आनी लांब जातास म्हणे?"

"अजून ठरूक नाय मावशी."

"जावा. माणसान जावचा. माजो नियम आसा, वर इमान दिसला की हात जोडतंय. तुमचा खंयचा ता माका काय ठावक? म्हणान सगळ्यांका जोडतंय."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं घशाशी आलेलं बोललो. "मावशी, दीपाचं गाऱ्हाणं सोडलंस म्हणून ती नापास झाली, असं तू सगळ्यांना सांगतेस. आई म्हणत होती. पण तसं नाही गो. दोन धडे राहिले होते. ते मी शिकवायचे होते. देवाचा यात काही संबंध नाही."

तिनं सुरी खाली ठेवली. हात पदराला पुसले. माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. असता तर मी घेतला असता.

"ता माका म्हायत आसा, सर," ती म्हणाली. "माका काय कळणा नाय? पण देवाक मधी घातलंय नाय, तर माका तुमचो राग येतलो. आनी तुमी वर आसतास. चेडवाच्या आवशीचो राग वर जावक देवचो नसता."

शेजारी उभ्या असलेल्या बाईनं सुरमई कशी दिली म्हणून विचारलं. मावशी तिकडे वळली.